तीन तासांचे औषध

भिलाईचे पावर हाउस म्हणजे रेल्वे स्टेशन, त्याला लागून गजबजलेला बाजार आणि जी. ई. रोडवरचा चौक. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि महामार्ग इथे हाकेच्या अंतरावर आहेत, पलीकडे पोलाद कारखाना. कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे याच गावात रुजली. अपघात मोठा असला की त्यांच्याही तोंडी एकच वाक्य असते, "सेक्टर नाइनला न्या." म्हणजे कारखान्याच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात.

१ जुलै १९९२ रोजी या स्टेशनच्या रुळांवर ठाण मांडलेल्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाच्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मारले गेले, कितीतरी घायाळ झाले. गोळी लागलेल्याचे रक्त आतल्या आत वाहत असते तेव्हा काही जणांचा जीव वाचवू शकेल असे औषध त्या दिवशी तीस वर्षांचे झालेले होते. पण जखमींना ते देण्याची रीत जगात कुठेच पडलेली नव्हती. त्याचे नाव ट्रानेग्झामिक ॲसिड.

त्याचा जन्म जपानचा. महायुद्धानंतरच्या टोकियोत, केइओ विद्यापीठात, शोसुके आणि उताको ओकामोतो हे डॉक्टर पतिपत्नी संशोधनाला विषय शोधत होते. हाताशी पैसा नव्हता. त्यांनी रक्त निवडले, कारण कमी पडलेच तर स्वतःचे काढता येत होते. मुलीला सांभाळायला कोणी नसे, म्हणून उताको तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहत. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचल्या पाहिजेत, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

जखम झाली की फायब्रिनचे धागे विणले जातात आणि त्यांच्या जाळीत रक्ताची गुठळी धरते. काम झाल्यावर शरीरच ही जाळी मोडते, नाहीतर रक्तवाहिन्या तुंबतील. मोडण्याचे काम प्लाझमिन नावाच्या विकराचे. ते ज्यापासून तयार होते तो पदार्थ फायब्रिनला चिकटतो तो लायसिन या अमिनो आम्लाच्या ठिकाणी. ओकामोतोंनी लायसिनचा तोतया शोधला. तो आधीच जागा अडवून बसला की चिकटणे होत नाही, आणि गुठळी टिकते. पहिला तोतया बरा निघाला. त्याहून सुमारे २७ पट प्रभावी असा दुसरा त्यांनी १९६२ साली जगापुढे ठेवला. तेच हे ट्रानेग्झामिक ॲसिड.

पण बाळंतिणींवर ते वापरून पाहायला तिथले प्रसूतितज्ज्ञ तयार झाले नाहीत. औषध बाजारात आले ते हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढताना आणि पाळीत फार रक्त जाते तेव्हा द्यायचे म्हणून. आपल्याकडच्या बायकांनाही त्याची ओळख आहे ती पाळीची गोळी म्हणूनच. पुण्याच्या एमक्युअरची 'पॉज' कित्येक घरांत सापडेल.

अपघात विभागांत त्या काळी दुसरेच चालले होते. रक्तदाब घसरला की सलाईन, पुन्हा घसरला की आणखी सलाईन. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जनला दिसे ते भयंकर असे. मोठी रक्तवाहिनी बांधून झालेली, तरी टाक्यांच्या भोकांतून, सुई टोचल्या जागेतून, पोटातल्या प्रत्येक खरवडलेल्या भागातून पातळ लाल पाणी पाझरतच राहायचे. दोष सलाईनने पातळ झालेल्या रक्ताला, गार पडलेल्या अंगाला आणि रक्तात वाढलेल्या आम्लाला दिला गेला. तिन्ही कारणे खरीच आहेत, पण पुरी नाहीत.

२००३ साली लंडनच्या करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी १,०८८ जखमींचे रक्त तपासले. त्यांपैकी जवळजवळ २४ टक्के लोकांचे रक्त रुग्णालयाच्या दारात पोचतानाच नीट गोठत नव्हते. या गटातले ४६ टक्के दगावले. बाकीच्यांतले ११ टक्के. दोष केवळ उपचारांतून येत नव्हता. जबर मार आणि रक्तपुरवठा कमी पडणे एकत्र आले की शरीर स्वतःच गुठळी मोडायचे काम भलत्याच वेळी सुरू करते. म्हणजे ओकामोतोंचा तोतया नेमका इथेच हवा होता!

लंडनच्या इयन रॉबर्ट्स, हलिमा शकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत, भारतातल्याही, २०,२११ जखमींवर तो पारखला. १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, आणखी १ ग्रॅम पुढच्या आठ तासांत. २०१० साली निकाल आला: मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर. फरक दिसायला छोटा आहे, पण हजारामागे पंधरा माणसे घरी गेली. पुढच्याच वर्षी निकालाची वेळेनुसार फोड झाली. पहिल्या तासात दिले तर फायदा सर्वांत मोठा, तिसऱ्या तासापर्यंत चांगला, त्यानंतर मात्र रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले.

निकाल ऐकायला उताको हयात होत्या, ९२ वर्षांच्या. बाळंतिणींवरच्या चाचणीचा निकाल २०१७ साली लागला, तोही अनुकूल. पण त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. ज्या बायकांसाठी हे सारे मांडले होते त्यांच्यापर्यंत औषध पोचायला ५५ वर्षे लागली, आणि याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही. औषध जुने, स्वस्त, पेटंटबाहेरचे. त्यावर कोणाचाही मोठा नफा अवलंबून नव्हता.

आता प्रश्न राहतो पोचण्याचा. पावर हाउसच्या चौकात ट्रकखाली आलेल्या मोटारसायकलस्वाराला औषध मिळेल की नाही, हे पहिल्या तासात कोण काय करते यावर ठरते. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच बजावले आहे, आणि २०१९ पासून तसे संरक्षण मोटार वाहन कायद्यातही आहे. तेव्हा जखम कापडाने घट्ट दाबून धरा, १०८ला फोन करा, आणि अपघात नेमका किती वाजता झाला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.