महाविद्यालयाचे दार आणि बौद्धिक अक्षमता : नगरच्या निमित्ताने एक ऐतिहासिक टिपण

नगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्याला लागून वाढलेले सावेडी हे आज अहिल्यानगरचे उपनगर गणले जाते. (जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ साली बदलले, जुन्या काळासंबंधी लिहिताना येथे रूढ ‘नगर’ हेच नाव योजिले आहे.) अशा उपनगरात ज्या घरातील थोरली मुलगी महाविद्यालयात जाते, त्याच घरातील बौद्धिक अक्षमता असलेला धाकटा मुलगा वयाच्या अठराव्या वर्षी विशेष शाळेतून बाहेर पडतो आणि बहुधा घरीच बसतो. त्याला महाविद्यालयात स्थान असावे काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. तो का विचारला गेला नाही, याचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

शिक्षणाचे दार रुंद करण्याच्या कार्यात नगरचा वाटा लहान नाही. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण ज्या ठिकाणी घेतले त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची येथील संस्था. पुढे १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले आणि उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईची वाट धरणे ज्यांना परवडत नव्हते त्यांची सोय झाली. पुणे विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाईंचेच नाव आहे. मुली, अस्पृश्य आणि खेड्यांतील निर्धन विद्यार्थी यांच्यासाठी दार उघडताना प्रत्येक वेळी ‘यांना हे शिक्षण झेपेल काय?’ ही शंका घेतली गेली आणि प्रत्येक वेळी ती खोटी ठरली. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत मात्र ही शंका हेच उत्तर मानले गेले.

याचे एक कारण भाषेत सापडते. ‘वेडा’ या एकाच शब्दात मराठी माणसाने मनोरुग्ण, भोळसट आणि बुद्धीची वाढ मंद असलेला, असे तिघे कोंबले. कायद्यानेही फार निराळे केले नाही. १९१२ च्या इंडियन ल्यूनसी ॲक्टने जन्मतः बुद्धी कमी असलेल्यास वेड्याच्याच व्याख्येत बसविले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘मतिमंदत्व’ त्या व्याख्येतून वगळले. जनगणनेत तर मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांची स्वतंत्र गणना २०११ साली झाली आणि पहिल्या वर्गात देशभरात सुमारे १५ लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या. ज्यांना मोजलेही नाही त्यांच्यासाठी बाक कोण मांडणार?

संस्थांचा क्रमही हेच सांगतो. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत १९०० साली अंधांसाठी शाळा काढली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मात्र १९४१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटीने मानखुर्द येथे त्यांच्यासाठी निवासगृह उघडले. ही संस्था निराधार व न्यायालयाकडून आलेल्या मुलांचा सांभाळ करणारी होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणजे या मुलांचा प्रश्न प्रथम पुढे आला तो आश्रयाचा म्हणून, अध्ययनाचा म्हणून नव्हे. १९४४ साली जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली, तेव्हा त्यास शिक्षणाचे रूप आले. पुण्यात सिंधुताई जोशी यांची ‘कामायनी’ १९६४ ची. त्याआधी दोनच वर्षे, १९६२ साली, त्याच पुण्यात बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी ‘ज्ञान प्रबोधिनी’ स्थापन झाली होती. बुद्धीच्या दोन टोकांचा विचार एकाच नगरात इतक्या लागोपाठ व्हावा, हा निव्वळ योगायोग नसावा. बुद्धी मोजता येते हा विश्वास तोवर येथे रुजला होता.

तो रुजविण्यात डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे कार्य मोठे आहे. धारवाड येथे कानडी व मराठी मुलांवर प्रयोग करून त्यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे कित्येक दशके आपल्या रुग्णालयांत व शाळांत वापरली गेली. ॲल्फ्रेड बिने यांनी मूळ कसोटी १९०५ साली रचली ती पॅरिसच्या शाळांतील कोणत्या मुलांना विशेष साहाय्य हवे हे ओळखण्यासाठी. मदतीची दिशा दाखविण्यासाठी काढलेला आकडा पुढे प्रमाणपत्रावर जाऊन बसला आणि माणसाची हद्द ठरवू लागला. दोष कामतांचा नव्हे. त्यांनी परक्या मोजपट्टीने आपली मुले मोजण्याचा अन्याय टाळला. परंतु सत्तरच्या आतील बुद्ध्यंक म्हणजे शिक्षणाची समाप्ती, असा जो अर्थ आपण केला, तो कसोटीत कोठेही नव्हता.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी दार किलकिले केले. १९७४ च्या केंद्रीय योजनेने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याचा प्रारंभ केला. १९९५ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखल्या. नोकऱ्यांतील आरक्षणातून मात्र बौद्धिक अक्षमता वगळली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती उणीव भरून काढली, उच्च शिक्षणातील राखीव जागा किमान पाच टक्के केल्या व वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत दिली. शब्द उदार आहेत. पण जागा राखीव असली तरी बारावी उत्तीर्णतेची अट कायम राहते, आणि नेमकी तीच पायरी या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना चढता येत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची आडवाट काहींना उपयोगी पडते, सर्वांना नाही. वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता असलेल्यास परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक देऊन पुढे नेता येते. येथे प्रश्न परीक्षेच्या वेळेचा नसून परीक्षेचाच आहे.

अन्यत्र हा पेच निराळ्या रीतीने सोडविला गेला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९८७ पासून असे विद्यार्थी नेहमीच्या वर्गांत श्रोते म्हणून बसू लागले. पदवीचा आग्रह नाही, परीक्षेचे रूप त्यांच्या मानाने, आणि सोबतीस सहाध्यायी. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने २००६ साली त्यांच्यासाठी प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आरंभिला. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांतील अशा विद्यार्थ्यांना सरकारी विद्यार्थी-साहाय्य मिळण्याची सोय केली. आपल्याकडील सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईचे : सोफिया महाविद्यालयाच्या आवारात १९७३ पासून साधना विद्यालय आहे व तेथे पाककला, हस्तव्यवसाय यांसारखे शिक्षण दिले जाते. आवार एक, वर्ग मात्र वेगळे. तरीही महाविद्यालयाच्या फाटकातून रोज आत जाणे यालाही काही अर्थ असतोच.

अशाने पदवीचे मोल घसरेल, हा आक्षेप अपेक्षित आहे आणि तो आपल्याला नवा नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते स्वतःची प्रवेशपरीक्षा, मातृभाषेचे माध्यम व ‘गृहीतागमा’ ही स्वतःची पदवी घेऊन. कायद्याची मान्यता येण्यास १९५१ साल उजाडले. त्या पस्तीस वर्षांत त्या पदवीस कमी लेखणारे पुष्कळ होते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा मार्ग काढला होता. शिवाय येथे तर पदवी मागितलेलीच नाही. मागणी आहे ती ग्रंथालयातील जागेची, इतिहासाच्या वा संगीताच्या एखाद्या तासाची, स्नेहसंमेलनातील सहभागाची आणि समवयस्कांच्या संगतीची.

नगरमध्ये याची सामग्री आहे. महाविद्यालये आहेत, समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्थाही आहे, तिच्या विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्य करावेच लागते. सावेडीच्या त्या मुलाबरोबर आठवड्यातून दोन तास वर्गात बसणे हे क्षेत्रकार्य म्हणून मोजता येईल. विद्यापीठाकडून हवा तो एकच नियम : परीक्षेस न बसणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद करण्याचा व त्याला ओळखपत्र देण्याचा.