केसगोळा (मांजर व फेरेट)
अंग चाटताना गिळलेले केस जठरात साचून होणारा पुंजका. केसांतील केराटिन पचत नाही. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असल्याने केस आत ओढले जातात. साचलेला गोळा मांजर बहुधा ओकून टाकते. फेरेट हा लहान पाळीव मांसाहारी प्राणी सहसा ओकत नाही, त्यामुळे गोळा आतच वाढतो आणि दुखणे उशिरा कळते. लांब केसांच्या पर्शियन मांजरांना रोज विंचरणे हाच खरा उपाय. केस पोटातून पुढे सरकावेत म्हणून दिली जाणारी माल्टची पेस्ट दुय्यम. उन्हाळ्यात सरसकट केस भादरण्याची हौस मात्र अनाठायी. फेरेट वसंतात व शरदात केस गाळतो. मात्र त्याला शेपटीकडून टक्कल पडू लागल्यास अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराची शंका घ्यावी. मांजराचे वा फेरेटचे खाणे थांबले, शी होईनाशी झाली, तर पेस्टवर विसंबू नये, पशुवैद्य गाठावा.