पुतळा

धुळ्यात कुणालाही 'गांधी पुतळ्यापाशी उतरा' म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. हा पुतळा आला संस्कृतातल्या 'पुत्तल'वरून, अर्थ बाहुला. परमुलखात मेलेल्याचा देह हाती लागला नाही, तर दर्भाचा नि पळसाच्या पानांचा पुत्तल करून त्यालाच अग्नी देत. नसलेल्या माणसाच्या जागी उभं राहायचं, हे काम त्याच्याकडे तेव्हापासूनचं.

त्याची धाकटी बहीण पुतळी. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असे. आपल्या लोकांनी त्या आकृत्या पाहून नाण्यालाच पुतळी म्हटलं, ओवून गळ्यात घातलं. जळगावच्या सराफ बाजारात पुतळ्यांची माळ आजही मागितली जाते. चकत्यांवर आता बहुधा लक्ष्मी असते.

हिंदीत चौकातली ती 'मूर्ति' किंवा 'प्रतिमा', मोर्चात जाळतात तो 'पुतला'. मराठीने दोघांना एकच शब्द दिला. तरी बातमी वाचताना कुणाचा गोंधळ होत नाही. 'उभारला' की 'जाळला', तेवढं पाहिलं की झालं.