इंजिनावरचे आकडे आणि मोटारीचे खरे वय

अकोला-वाशीम मार्गावरील मालेगाव असो की वऱ्हाडातील दुसरे कोणतेही गाव, जुन्या वाड्यात धूळ खात पडलेली मोटार सापडली की घरची मंडळी तिचे साल ठामपणे सांगतात. ते साल बहुधा आजोबांच्या लग्नाचे किंवा कापसाला चांगला भाव आलेल्या वर्षाचे असते. मोटारीची स्वतःची नोंद मात्र बॉनेटखाली, इंजिनाच्या ओतीव लोखंडावर असते.

फोर्डची ‘मॉडेल टी’ पाहू. हिच्या इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत घेणाऱ्या जोडाच्या वर क्रमांक ठोकलेला असतो. १९२५ च्या उत्तरार्धापर्यंत चेसिसवर क्रमांक घालण्याची पद्धतच नव्हती. इंजिनाचा क्रमांक हीच गाडीची ओळख. अमेरिकेतील क्रम ठाऊक आहे: एक कोटीवी गाडी जून १९२४ मध्ये बाहेर पडली, दीड कोटीवी २६ मे १९२७ रोजी. मग तक्ता उघडावा, आकडा शोधावा, साल मिळाले!

इथेच भारतीय अभ्यासक फसतो. ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींना गाड्या पुरवण्याचा हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता आणि भारतात येणारी उजव्या सुकाणूची ‘टी’ मुख्यतः तिथूनच येई. कॅनडाने १९१३ पासून स्वतःची वेगळी मालिका सुरू केली. तिच्या क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर असते. तीन लाखांच्या आसपासचा क्रमांक अमेरिकी तक्त्यात १९१३ चा ठरतो. त्याच आकड्याआधी ‘सी’ असेल तर गाडी पहिल्या महायुद्धानंतरची. गंजाखाली झाकलेले एक अक्षर वाचायचे राहिले, तर वयात इतकी चूक होते.

क्रमांकावरही आंधळा विश्वास नको. जुना ब्लॉक निकामी झाला की फोर्ड कोरा ब्लॉक पाठवी आणि विक्रेता त्यावर जुनाच क्रमांक ठोकी. सुदैवाने अनेक ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावदार अक्षरांत असते. क्रमांक १९१९ सांगतो आणि ओतीव तारीख १९२४, तर हृदय बदललेले आहे, असे खुशाल समजावे. शिवाय गाडीचे उत्पादन थांबल्यावरही ‘टी’ची इंजिने ऑगस्ट १९४१ पर्यंत बनत राहिली.

खेड्यापाड्यांत ‘टी’पेक्षा जीप भेटण्याचा संभव अधिक. युद्धकालीन विलिस गाडीच्या इंजिन क्रमांकाआधी ‘एमबी’, तर फोर्डने बनवलेल्या जीपच्या क्रमांकाआधी ‘जीपीडब्ल्यू’ असते. फोर्डने इंजिनाचाच क्रमांक चेसिसवरही ठोकला. विलिसमध्ये दोन्ही क्रमांक मुळातच वेगळे. म्हणून आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून विलिसच्या मालकाला दोष देऊ नये. फोर्डच्या बाबतीत मात्र इंजिन बदलल्याची शंका रास्त ठरते. सुटे भाग एकमेकांना बसत असल्याने लष्करी कार्यशाळांत इंजिनांची अदलाबदल सर्रास होई. युद्धोत्तर नागरी जीपचे क्रमांक ‘जे’, नंतर ‘३जे’ आणि १९५३ पासूनच्या सीजे-३बी मध्ये ‘४जे’ने सुरू होतात. महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या जीपगाड्या याच विलिस घराण्यातल्या.

हा वाद आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि इंजिन, चेसिस वा बॉडीत मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. त्या पाटीवर वाशीमचा ‘३७’ दिसत नाही. ‘एमएच’नंतर थेट ‘व्हीए’ येते.

आणि नेमक्या याच नोंदणीच्या उत्साहात गॅरेजवाला ग्राइंडर फिरवून ब्लॉक चकचकीत करतो. ठोकलेला आकडा उथळ असतो. दोन फेऱ्यांत तो कायमचा जातो. केरोसीनचा बोळा, मऊ ब्रश आणि आकड्यांवर घासलेला पांढरा खडू एवढ्यावर तो वाचता येतो. छायाचित्र काढावे, मगच रंगाचा डबा उघडावा.