सागाचं लाकूड, खाणीचा दगड : मराठेशाहीत नियम काय होता, आज ग्रामसभेचा हक्क काय?

सुरगाणा : साग आणि काळा दगड आपल्या डोंगरात पूर्वीपासून आहे. तो तोडायचा की ठेवायचा आणि कोणाला विचारून तोडायचा, हा प्रश्नही जुनाच. त्याबद्दलची ही थोडक्यात माहिती.

वाड्याला लागायचं काय?
अठराव्या शतकात वाडा, देऊळ, गढी बांधायची म्हणजे साग, दगड आणि चुना लागायचा. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ मध्ये उभा राहिला. त्याचा साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून आणला. आपल्या जिल्ह्यात नाशिकचं काळाराम मंदिर त्याच शतकाच्या शेवटी सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. त्याचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातला.

झाड तोडायचा नियम
रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१६ च्या सुमारास) आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. सागासारखं लाकूड सरकारी परवानगीनेच जंगलातून तोडायचं. आंबा, फणस ही रयतेची झाडं. ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, लोक लेकरासारखी जपतात, म्हणून त्यांना हात लावू द्यायचा नाही. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं. जबरदस्ती नको.

शेजारच्या डांगात काय झालं?
पुढे इंग्रजांना जहाजासाठी साग हवा होता. १८४० च्या दशकात त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. राजांना ठरलेली रक्कम मिळाली, पण जंगलावरचा ताबा गेला. आहवा इथल्या डांग दरबारात त्यांच्या वारसांना अजूनही सालियाना दिला जातो. सुरगाणा मात्र पवार देशमुखांचं संस्थान राहिलं. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं.

आजचा कायदा
सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. त्यामुळे इथे पेसा कायदा (१९९६) लागू आहे.

- दगड, मुरूम, वाळू : गौण खनिजाचा पट्टा किंवा लिलाव करण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची आहे.
- मोह, तेंदूपान, मध, बांबू : हे गौण वनोपज आहे, त्यावर गावाचा हक्क आहे. सागाचं इमारती लाकूड यात येत नाही.
- सामूहिक वनहक्क : वनहक्क कायद्याने (२००६) गावाला आपलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो.
- शाळा, अंगणवाडी, रस्ता : अशा कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते.
- स्वतःच्या मालकीच्या शेतातली झाडं : आदिवासी खातेदाराची झाडं विकायला १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याशी परस्पर तोंडी सौदा चालत नाही.

काय लक्षात ठेवायचं?
साग तोडला तर खुंटाला पुन्हा फुटवा येतो, पण वासा-तुळईचं झाड व्हायला अनेक वर्षं जातात. खाणीतून गेलेला दगड तर परत येतच नाही. म्हणून खाणीचा किंवा झाडतोडीचा विषय ग्रामसभेत आला की हजर राहावं. काय ठरलं ते इतिवृत्तात लिहून घ्यावं, वाचून घ्यावं आणि मगच सही किंवा अंगठा द्यावा.