चुंबकीय गार्नेटची पातळ पटले : प्रमाण आणि उष्णता

पदार्थाचे नाव चुकले म्हणजे त्याच्या गुणधर्मांची उकलही अडते, याचे बोधप्रद उदाहरण चुंबकीय गार्नेटच्या इतिहासात आढळते. इ. स. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये फोरेस्तिये व गियो-गियें यांनी विरल मृदा-धातूंची ऑक्साइडे लोहाच्या ऑक्साइडाबरोबर समप्रमाणात मिसळून तापविली. हाती आलेले पदार्थ तीव्र चुंबकीय होते. त्यांची गणना पेरोव्स्काइट वर्गात झाली. परंतु त्या रचनेतून एवढे चुंबकत्व उपपन्न होईना. इ. स. १९५६ मध्ये ग्रनोबल येथील बेर्तो व फोरा यांनी हे कोडे सोडविले. चुंबकत्व मिश्रणात निर्माण झालेल्या गार्नेटचे होते. बेल प्रयोगशाळेतील गेलर व गिलिओ यांचे स्वतंत्र संशोधन इ. स. १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

यिट्रियम व लोह यांचे प्रमाण पेरोव्स्काइटमध्ये १:१, तर गार्नेटमध्ये ३:५ असते. गार्नेटमधील पाच लोह-आयनांपैकी तिघांचे चुंबकत्व एका दिशेस व दोघांचे विरुद्ध दिशेस असते. नेएल यांच्या इ. स. १९४८ च्या उपपत्तीस त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

पुढे इ. स. १९७० नंतरच्या दशकात चुंबकीय बुडबुड्यांच्या स्मृतिसाधनांसाठी गार्नेटची पटले वितळलेल्या शिसे-ऑक्साइडाच्या द्रावणातून गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेटच्या एकस्फटिकावर वाढविली जात. ती साधने मागे पडली. पण महागड्या आधारस्फटिकाचा प्रश्न उरलाच.

स्पिन कोटिंगची रीत या ठिकाणी उपयोगी पडली. धातूंच्या सेंद्रिय संयुगांचे द्रावण वेगाने फिरणाऱ्या आधारावर पसरवितात, वाळवितात, सुमारे ४५०° सेल्सिअसला त्यातील सेंद्रिय अंश जाळतात आणि सुमारे ७००° ला स्फटिकीकरण घडवितात. हवी ती जाडी येईपर्यंत थरावर थर चढवितात. जपानमधील नागाओका तंत्रविद्यापीठात या रीतीने बिस्मथयुक्त पटले साध्या काचेवरही तयार करण्यात आली. बिस्मथामुळे प्रकाशाच्या ध्रुवणप्रतलाचे चुंबकीय वलन पुष्कळ वाढते. मात्र काच स्फटिकाला वाढीचा नमुना पुरवीत नाही. म्हणून बिस्मथ कमी असलेल्या गार्नेटचा थर प्रथम बसवून त्यावर बिस्मथसमृद्ध थर वाढवितात.

या रीतीत धातू द्रावणातच एकजीव होत असल्याने घन चूर्णांच्या मानाने कमी उष्णता पुरते. तथापि प्रमाण ढळले किंवा उष्णता चुकली, तर तोच जुना पेरोव्स्काइट पटलात उतरू शकतो. म्हणूनच पटल भट्टीतून निघाल्यावर क्ष-किरणांना विचारावयाचा पहिला प्रश्न आजही इ. स. १९५६ चाच असतो : हाती आले आहे ते गार्नेटच काय?