होमोसिस्टीन : रक्तातील एक संशयित

हृद्रोगाचे नाव निघाले की आपल्याला प्रथम कोलेस्टेरॉल आठवते. १९६० नंतरच्या दशकात वैद्यकानेही बहुतेक सारा दोष त्याच्याच माथी मारला होता. त्या दिवसांत बोस्टनमधील तरुण विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांचे लक्ष दोन मृत बालकांकडे वेधले गेले.

पहिला मुलगा आठ वर्षांचा. तो १९३३ सालीच दगावला होता. त्याच्या शरीराचे जपून ठेवलेले नमुने मॅककलींनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दुसरे अवघे दोन महिन्यांचे अर्भक. दोघांच्याही रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्ताच्या वाहिन्या, म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा जाड झालेल्या! दोघांच्या जन्मजात व्याधी मात्र भिन्न. एकीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल रक्तात वाढते, तर दुसरीत ते घटते. दोन्हींत वाढते ते एकच, होमोसिस्टीन. अन्नातील प्रथिनांतून आलेल्या मेथिओनिनपासून शरीर ते तयार करते आणि ब-६, ब-१२ व फोलिक आम्ल यांच्या साहाय्याने त्याची विल्हेवाट लावते. ही वाट अडली की ते रक्तात साठते. मॅककलींनी १९६९ साली याच आम्लावर बोट ठेवले. तर्क किती साधा, आणि किती नेटका! पण त्याचे स्वागत थंडच झाले. पुढे त्यांची प्रयोगशाळा गेली, बोस्टनही सुटले.

१९९२ साली वारे फिरले. अमेरिकेतील १४,९१६ डॉक्टरांच्या पाहणीत, रक्तात होमोसिस्टीन फार असलेल्यांना हृदयविकाराचा झटका अधिक येतो, असे आढळले. २००३ साली फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने हृदयाची रक्त फेकण्याची शक्ती खचण्याशीही त्याचा संबंध दाखविला. आपल्याकडे पुण्यातील संशोधकांना २००६ साली ४४१ पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांत ते वाढलेले आढळले. ब-१२ची उणीव हे त्याचे मोठे कारण.

मग जीवनसत्त्वे द्यावीत, झटके टळतील! पण त्याच वर्षी ५,५२२ रुग्णांवरील पाच वर्षांच्या प्रयोगाचा निकाल लागला. होमोसिस्टीन उतरले, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. नॉर्वेतील प्रयोगही तेच सांगून गेला. संशयित घटनास्थळी होता खरा, पण सामान्य हृद्रोग्याच्या बाबतीत तो अपराधी की नुसता साक्षीदार, हा वाद मिटलेला नाही. जन्मजात व्याधीच्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्या रक्तातील होमोसिस्टीन उतरविले की गुठळ्यांचे संकट खरोखरच कमी होते, आणि मॅककलींचा आरंभ तर अशाच मुलांपासून झाला होता.